भांडं कोणाच्या नावाचं

आमच्यात नवं भांडं हाती आलं की बाई आधी ते उलटंपालटं करून नाव शोधते. कोणी दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं त्यावर टोचून लिहिलेलं असतं. नाव नसलेलं भांडं बेवारशी आणि परक्याचं नाव असलेलं उचललेलं, असा सरळ हिशोब.

माझी आई सुरतेत एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे कामाला होती. नव्वदच्या दशकात, लग्न ठरेपर्यंत, मीही लिंबायतच्या आमच्या मराठी वस्तीतून तिच्याबरोबर जायची. बाईंच्या कपाटात जुनी विलायती चांदी होती. आईचा हात राखेचा, दिसेल ते खसाखसा घासणारा, म्हणून चांदी माझ्याकडे आली. "डिकरी, छाप उपर जोर नहि," पोरी, ठशांवर जोर नको, असं बजावून बाई माझ्या हातात भिंग द्यायच्या. बुडावरच्या बारीक ठशांत चालणारा सिंह असला तर चांदी खरी, नाहीतर नुसता मुलामा. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन. सुटं अक्षर वर्षाचं, आणि चौकटीतली दोन अक्षरं घडवणाऱ्याची. दोन कारागिरांची अक्षरं तीच निघाली तर चौकट बघायची: एकाची लांबट गोल, दुसऱ्याची कोपरे कापलेली. मला हे फार आवडायचं. भांडी घासण्यात एवढी मजा कुणाला मिळते?

माझ्या लग्नात बाईंनी आईला दुधाचं एक छोटं चांदीचं भांडं दिलं. नाव टाकायला वेळ मिळाला नाही, तरी आईने ते हौसेने रुखवतात मधोमध मांडलं.

व्हायचं तेच झालं. नवऱ्याच्या आत्याने ते उलटं केलं. "हाई कोनं नाव शे व?" इंग्रजी अक्षरं, ना आमची, ना आमच्या भाऊबंदांची. आणि माझी आई लोकांच्या घरी भांडी घासते, हे सासरच्या वस्तीत, गोडादऱ्यात, सगळ्यांना ठाऊक. बायकांत कुजबुज सुरू झाली. मुंडावळ्या बांधलेल्या, तशीच मी उठले आणि सांगितलं, हे घडवणाऱ्याचं नाव आहे.

"बनाडनारानं? भांडावर बनाडनारानं नाव कोन टाकस?" आत्याबाई हसल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण खरंच, घरातला तांब्या कोणी घडवला, हे आमच्यापैकी कुणाला माहीत होतं? आईने जन्मात कुणाची काडी उचलली नव्हती. तिचा पडलेला चेहरा बघून माझं अंग रागाने पेटलं.

त्यानंतर आई मला भेटायला यायची, पण दारातच टेकायची. पाणीसुद्धा नको म्हणायची.

एके दिवशी सासूबाई भांडं घेऊन बाजारात गेल्या. परत आल्या तेव्हा बूड गुळगुळीत झालेलं. सिंह गेला, बिबट्या गेला, ती दोन अक्षरंही गेली. त्या जागी ठसठशीत मराठीत माझं नाव आणि खाली 'आईकडून'. मी भडकलेच. एवढी वर्षं टिकलेल्या खुणा घासून टाकल्या! सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "वाचनारेस्ले वाचता येवाले जोयजे."

पुढच्या खेपेला त्यांनी ते भांडं दारातच आईच्या हातात दिलं. आईला वाचता जेमतेम यायचं. अक्षरांवर बोट ठेवून तिने एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मला त्या सिंहाचं आजही वाईट वाटतं. आई मात्र चपला काढून आत आली, आणि माझ्या सासरी पहिल्यांदा पोटभर जेवली.