बोडीकाठचे टाइशमान

बोडीभाऊ कोणालाही नुसतं नाव सांगत नसत. आधी दोन्ही हातांनी हवेत मोठं वाटोळं काढत, मग त्याच्या कडेला ताठ उभे राहत आणि म्हणत, "जर्मनीत तळ्याले टाइश म्हणतेत. त्याच्या काठी राह्यते तो टाइशमान." सिंदेवाहीच्या बसमध्ये कंडक्टरने तिकिटासाठी हात पुढे केला, तरी हे नाटक पुरं झाल्याशिवाय त्यांच्या खिशातून पैसे निघत नसत.

ते आमच्या भागातल्या जुन्या तलावांचा अभ्यास करायला जर्मनीहून आले आणि आमच्या घराच्या मागच्या खोलीत राहिले. धानाला पाणी देणाऱ्या लहान तळ्याला आमच्याकडे बोडी म्हणतात. यांचा सारा दिवस बोडीवर जाई, म्हणून गावाने त्यांना बोडीभाऊ करून टाकलं. मराठी ते माझ्या आईकडून शिकले. त्यामुळे "मले चहा देता काय, बाई?" असंच बोलत. पुण्याचे पाहुणे त्यावर हसले की माझं डोकं फिरायचं.

बोडीचं पाणी वाटायचं आणि मासे राखायचं काम मारोतीभाऊ ढिवरांकडे. त्यांना बोडीभाऊंच्या आडनावाचा अर्थ कळला मात्र, ते खूश झाले. "मंग तुमी आमच्यातलेच! तुमच्या आजानंबी बोडीच राखली असन." त्यांनी लगेच हाती जाळं दिलं. तळ्याकाठचा हा माणूस जाळ्यासकट तळ्यात गेला. मारोतीभाऊ पोट धरून हसले, पण माशांचा वाटा त्यांनी घरी पोचवला.

ते मासे वाढताना आईने सहज विचारलं, "तुमच्या गावची बोडी केवढी हाय जी?"

बोडीभाऊंचा घास हातातच राहिला. "नाई हाय, बाई. खाली कोळसा होता. गाव उठवलं, बोडी खोदून टाकली. मी पाह्यलीबी नाई. आडनाव तेवढं राह्यलं."

चंद्रपूरच्या माणसाला कोळशाचं काही समजावून सांगावं लागत नाही. आई त्यांच्या ताटात भात वाढत राहिली.

पावसाळ्याआधी आमच्याकडे बोडीतला गाळ काढून पाळीवर, म्हणजे तिच्या बांधावर, टाकतात. मारोतीभाऊ पाळीवर उभे राहून एकेका घराचं आडनाव पुकारतात आणि त्या घरचा माणूस टोपली टाकतो. ज्या घरची चूल त्या सकाळी पेटली, त्याच घराचं नाव घ्यायचं, अशी रीत. पहिल्या वर्षी बोडीभाऊ नवी टोपली घेऊन पहाटेच जाऊन उभे राहिले. सगळी नावं संपली, यांचं आलंच नाही.

"तुमी तं बाईच्या चुलीवर जेवता," मारोतीभाऊ म्हणाले. "तुमची चूल कुठी हाय?"

ते रिकामी टोपली घेऊन परत आले. इतका मोठा माणूस इतका लहान झालेला मला बघवला नाही.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या अंगणात स्वतः मातीची चूल मांडली. गाळाच्या सकाळी ती पेटवताना एवढा धूर केला की शेजारी बादल्या घेऊन धावले. भात करपला, तो आम्हाला खायलाही लावला. मग पाळीवरून हाक आली, "टाइशमाऽन!" टोपली उचलताना ते ढसाढसा रडत होते.

गुडघे गेले तेव्हा ते मायदेशी परतले. पण दर वर्षी गाळाच्या दिवशी त्यांचा फोन यायचा, "चूल पेटली काय, बाई?" आमच्याकडे गॅस आला होता, तरी आई त्या सकाळी ती चूल पेटवायची आणि त्यांची टोपली मी टाकायचे.

यंदा फोन त्यांच्या पुतणीचा आला. बोडीभाऊ गेले होते. आईला उठवेना, म्हणून चूल मी पेटवली.

पाळीवर मारोतीभाऊंनी सगळी नावं घेतली आणि ते थांबले. बातमी त्यांनाही कळली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पोरी, चूल पेटली काय?"

"पेटली, भाऊ."

त्यांनी बोडीच्या पलीकडच्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात पुकारलं. मी टोपली डोक्यावर घेतली.