जप्तीच्या दिवशीचे मास्तर

"आधी सूर लावू द्या, ताई," म्हणत ते पाण्याचा पेला तोंडाला लावायचे आणि मगच बोलायला लागायचे. कुंभार पिंपळगावचे बँडमास्तर. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, वरातीत नवरदेवाकडे तोंड करून उलटा चालत वाजवणारा. मी वकील, घनसावंगीला बसते. अशिलाने वेळ खाल्ला की माझं डोकं फिरतं, पण मास्तरांवर चिडणं काही जमायचं नाही.

बायकोच्या आजारपणात त्यांनी गावातल्याच एका दुकानदाराकडून पैसे उचलले होते. बायको गेली. पुढे डीजे आले, लग्नांच्या सुपाऱ्या बंद झाल्या. दुकानदाराने दावा जिंकला आणि जप्तीचा हुकूम आणला.

"घाबरू नका," मी सांगितलं. "ज्या हत्यारांवर कारागीर पोट भरतो, ती जप्त करता येत नाहीत. तुमची वाद्यं घरातच राहू द्या."

"बराबर हाय," मास्तर म्हणाले. आणि जप्तीच्या आदल्या दिवशी सगळी वाद्यं टेम्पोत घालून वाटूरला बहिणीकडे पाठवून दिली.

आपल्याकडे हेच करतात. जप्ती येणार म्हटलं की भांडी शेजारी, म्हैस मामाकडे. सकाळी मी पोचले तर घर रिकामं.

"मास्तर, काय करून बसलात हे? पैसा नाही म्हणून कुणी तुम्हाला तुरुंगात घालू शकत नाही. माल लपवला म्हणून मात्र घालू शकतात."

"मला वाटलं, कायद्याचा काय भरवसा," ते पडल्या चेहऱ्याने म्हणाले. "थांबा, दाजीला फोन लावतो. टेम्पो घिऊन लवकर या म्हन्तो."

टेम्पोच्या आधी कोर्टाचा बेलीफ आणि दुकानदार आले. मी हुकूम मागून घेतला, ओळ न् ओळ वाचली, चहा मागवला, पुन्हा वाचली. बेलीफ वैतागला. टेम्पो गल्लीत वळला तेव्हा मला रडू फुटायचंच बाकी होतं.

वाद्यं उतरवली तसा दुकानदार म्हणाला, "साहेब, हा कवापासून वाजवीतच न्हाई. हत्यारं कसली? पितळ हाय नुसतं. मोडीत घाला."

बेलीफ मास्तरांकडे वळला. "वाजवून दाखवा."

मास्तरांची छाती गेली होती. चार पावलं चालले तरी धाप लागायची. त्यांनी ट्रम्पेट उचललं. पहिली फुंक वाया गेली. दुसरीला नुसती खरखर. दुकानदार हसला. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले.

मग लेकीच्या पाठवणीची धून निघाली. कापरी, पण निघाली. बाया दारात आल्या. दुकानदाराच्या लेकीला याच मास्तरांनी याच धुनेवर सासरी पाठवलं होतं. तो खाली बघत राहिला. बेलीफने लिहिलं, 'कारागिराची हत्यारे, जप्त केली नाहीत.'

कर्ज काही माफ झालं नाही. लोकांचा तसा गैरसमज असतो म्हणून सांगते. कोर्टाने हप्ते बांधून दिले. मास्तर जालन्याला एका कारखान्यावर वॉचमन म्हणून लागले. भेटले की म्हणायचे, "वाजवायला कोन्ही बोलवीत न्हाई, ताई. पन घरात हायेत."

गेल्या उन्हाळ्यात मास्तर गेले. त्यांचे जुने साथीदार जमले. कुणी आता रिक्षा चालवतो, कुणी ऊसतोडीला जातो. त्यांनी वाद्यं बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि मास्तरांना वाजवत नेलं. मी वेशीपर्यंत गेले.

काही हप्ते राहिले होते. दुकानदार तिरडीच्या पुढे चालत होता. मास्तरांचं ट्रम्पेट त्याने मागून घेतलं होतं आणि दोन्ही हातांत धरलं होतं.