धुक्यात मारलेली हाक

मचवा बंदरातून सुटला तेव्हा माझा थोरला भाऊ पाठ फिरवून घराकडे चालूही लागला होता. आई मात्र घोटाभर चिखलात उतरून उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. तिच्यामागे बाबा. मचव्यात मीठ भरलं होतं. त्यावर गोणपाट टाकून मी बसलो होतो. मांडीवर कोयता आणि चढायचा दोर. भरतीचं पाणी आत ओढत होतं, आणि वसईचे माड बघता बघता एकमेकांत मिसळून गेले.

वाडीतल्या माणसांनो, आणि माझ्यासारखे जे खाडी धरून वर आले त्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितो आहे. माझी एक गोष्ट तुम्ही बरीच वर्षं एकमेकांना सांगत आला आहात. ती मला फिरून फिरून ऐकू आली आहे. मी बाईसाठी घर सोडलं, असं त्या गोष्टीत असतं. घर सोडलं तेव्हा त्या बाईचं नावही मला ठाऊक नव्हतं.

मी निघालो तो भावामुळे. सरकारनं आबकारीचा नवा कायदा आणला, माणसं पाठवून माडांच्या बुंध्यांवर आकडे कोरले, आणि ज्याच्या नावाचं लायसेन त्यानंच माडी काढायची असं ठरलं. आमच्या घरचं लायसेन भावाच्या नावानं निघालं. "एवढ्याशा झाडांना दोन कोयते कशाला?" तो जेवता जेवता म्हणाला. मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी भात कालवला. निघताना मात्र त्यांनी स्वतःचा दोर मला दिला आणि म्हणाले, "वर हिंव लय पडतं. दोर अंगाखाली घेऊन निजत जा, नाहीतर सकाळी काठीसारखा होईल." बाबांचं माझ्याशी झालेलं ते शेवटचं बोलणं.

तेव्हा डोंबिवलीला आगगाडी थांबत नव्हती. तिथल्या खाडीकाठच्या एका गावात ताडीच्या मक्तेदाराला ताडावर चढणारी माणसं हवी होती. मी उतरलो, त्यानं झाडं दाखवली, गावाबाहेर एक खोपटं दिलं. तिथली चढणारी माणसं कुठे गेली, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी कळलं. ती कुठेच गेली नव्हती. गावातच होती, आपापल्या ओटीवर बसून माझ्याकडे बघत होती. मक्तेदाराच्या अटींवर चढायचं नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यांच्या झाडांवर चढायला मी आयता येऊन पडलो होतो. मी मक्तेदाराकडे गेलो, परत जातो म्हणालो. तो हसला. "जा की. भावानं परत घेतलं तर जा."

मी राहिलो.

माड मला आईच्या हातासारखा ओळखीचा होता. ताड वेगळाच. काळा, कडक, वरच्या झावळ्यांच्या देठांना करवतीसारखे दात. हात चुकला की सालटं निघतं. आणि त्या वर्षी थंडीही विचित्र पडली. आमच्या समुद्राकाठी थंडी येते ती पाहुण्यासारखी, ऊन चढलं की निघून जाते. इथे उत्तरेचा वारा दिवसभर वाहायचा. पोयीचं, म्हणजे ताडाच्या फुलोऱ्याचं, कापलेलं टोक त्या वाऱ्यानं सुकून जायचं, रस थांबायचा. मग पुन्हा चढून पातळ काप घ्यायचा. पहाटे बुंध्यावर दहिवर साचलेलं, जणू कुणी तेल फासलंय. बोटं अशी बधिर होत की कोयता लागला तरी रक्त दिसल्यावरच कळे.

थंडीनं ताडीही बदलते. उन्हाळ्यात मडकं उतरवेपर्यंत ती फसफसते. कडक थंडीत दुपारपर्यंत गोडच राहते, साखरेच्या पाण्यासारखी. ती पिऊन चढत नाही. गुत्त्यावरच्या लोकांनी लगेच ठरवलं, वसईवाला पाणी घालतो. एकानं माझ्यासमोर ताडी जमिनीवर ओतली आणि त्यावर थुंकला. गावातल्या चढणाऱ्यांना खरं कारण माहीत होतं, ते जन्मभर त्याच झाडांवर होते. एकजण बोलला नाही. माझी मडकी रोज फुटू लागली. विहिरीवर गेलो की पोहरा आधीच कुणीतरी काढून नेलेला असे. मी खाडीकडच्या डबक्यातलं मचूळ पाणी गाळून प्यायचो. चांगलं म्हणावं असं एक माणूस त्या गावात मला भेटलं नाही. निदान पौष महिन्यापर्यंत तरी नाही.

त्या चढणाऱ्यांचा पुढारी गणू. त्याच्या परसामागे चार ताड ओळीनं उभे होते, आणि ते पूर्वी त्याचेच होते. ताडावरून सगळ्या गावाची परसं दिसतात, म्हणून चढण्याआधी मोठ्यानं हाक मारायची, खाली बाया न्हात-धूत असतील तर आडोशाला जातील, हा आमच्या कामाचा सगळीकडचा रिवाज. बाबांनी मला कोयता धरायच्या आधी हाक मारायला शिकवलं होतं. मी कधीच विसरलो नाही.

पौषातल्या एका सकाळी धुकं पडलं. तसं धुकं मी आधी पाहिलं नव्हतं. झाडाला हात लावला तरी झाड दिसेना. मी गणूच्या परसामागच्या एका ताडाच्या बुंध्याशी उभा राहून हाक दिली, थांबलो, पुन्हा दिली, मग चढलो. वर शेंड्यात बसलो तेव्हा मला माझी पावलं दिसत नव्हती. खालून कोंबड्यांचा, भांड्यांचा आवाज येत होता, जसं काही गाव पाण्याखाली बुडालंय. त्याच धुक्यानं गावातला सगळा आंब्याचा मोहर पुढच्या दोन दिवसांत काळा पडला आणि गळून गेला, हेही सांगून ठेवतो, कारण त्यामुळे आधीच लोकांची डोकी तापली होती.

मोहर गळला त्याच दिवशी मला मारुतीच्या पारावर बोलावणं आलं. पाटील बसला होता, भोवती सगळा गाव. गणू पुढे झाला.

"ह्यो वरून आमच्या बाया बघतो. परवा सकाळी माझी सून न्हात होती, हा हाक न मारता चढला. वर बसून बघत राहिला."

"हाक मारली होती," मी म्हणालो. "आणि परवा धुकं होतं, पाटील. मला स्वतःचे पाय दिसत नव्हते."

"खोटं बोलतो! कोणी ऐकली हाक?"

पाटलानं भोवती नजर फिरवली. ओळीनं बसलेले चढणारे जमिनीकडे बघत होते. त्यांतल्या दोघांची घरं गणूच्या घराला लागून होती. दोघांनीही हाक ऐकली असणार. मला कळून चुकलं की आता हे मला मारणार, आणि त्याचा जाब कोणालाही द्यावा लागणार नाही.

तेवढ्यात मागून, बायांच्या घोळक्यातून आवाज आला. "मी ऐकली."

गणूची सून पुढे आली. ठकू. डोक्यावर पदर, हातात रिकामी घागर, पाण्याला निघालेली तशीच थांबलेली. मी तिचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

"हाक ऐकली मी. दोनदा. मामंजींनी पण ऐकली, ते ओटीवरच दात घासत होते. आणि मी न्हात नव्हते, भांडी घाशीत होते. धुक्यात मना माझा हात दिसत नव्हता, त्याला वरून काय दिसंल?"

मग पाटील घसा खाकरून म्हणाला, "गणू, मिटव हे." आणि चपला घालून निघून गेला. त्याच्या दृष्टीनं ते मिटलंही असेल.

तिच्या नवऱ्यानं तिला पारापासून घरापर्यंत मारत नेलं. मी धावलो, तर त्या चढणाऱ्यांनीच मला धरलं आणि मग मलाही मारलं. ताडावर चढणाऱ्यांचे हात कसे असतात ते तुम्हाला माहीत आहे. पार ते गणूचं घर, त्या वाटेवर बरीच दारं होती. सगळी लागलेली. नंतर त्यांनी माझं खोपटं पाडलं, कोयता खाडीत फेकला. दोर माझ्या कमरेला होता म्हणून वाचला. मी रांगत बंदरावर गेलो आणि ठाण्याकडे जाणाऱ्या मचव्यात पडून राहिलो.

माजिवड्याला एका बागाईतदारानं मला ठेवून घेतलं. त्याला माझ्याबद्दल काही विचारायचं नव्हतं. नारळ पाडणारा हवा होता, मी मिळालो. इथेही "वसईवाला" हेच नाव पडलं. माझं हिंव इथे थंडी झालं. बोलताना माझ्या तोंडून वाडीचा शब्द निघाला की बागेतले गडी नक्कल करायचे. मी बोलणंच कमी केलं.

पुढचा पावसाळा सरल्यावर ठाण्याच्या चेंदणीचा एक माणूस बागेत मला शोधत आला आणि काही न बोलता त्यानं माझी गचांडी धरली. तो ठकूचा भाऊ. गणूच्या घरानं पंच बसवून काडीमोड घेतला होता, ती माहेरी परत आली होती. "तुझ्यापायी आमची पोर घरात बसली," तो म्हणाला. मी त्याला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "ती काय म्हणते?"

"ती काही म्हणत नाही."

मी त्याच्याबरोबर चेंदणीला गेलो. ती अंगणात सुकत घातलेली मासळी उलटत होती. डावा हात नीट वळत नव्हता. तो मोडून वाकडाच जुळला होता. मी कुंपणाशी उभा राहिलो.

"दया करायला आला असशील तर जा," ती म्हणाली. वर बघितलं नाही.

"नाही. एकट्यानं जेवायचा कंटाळा आलाय."

"लोक म्हणतील, तेव्हापासूनच होतं यांचं."

"म्हणतीलच."

तिनं हातातली मासळी उलटून ठेवली, आणखी दोन-चार उलटल्या. "मग बस," म्हणाली.

आमचं पाटाचं लग्न लागलं. लोक म्हणाले. डोंबिवलीकडून ते बोलणं मिठाच्या मचव्यांबरोबर वसईला पोचलं, आणि तिथून माझ्या भावाचा निरोप आला: असली बाई घेऊन वाडीत पाय ठेवू नको. बाबा वारल्याचं मला तेराव्यानंतर कळलं, तेही बंदरावर, मचव्याच्या एका तांडेलाकडून, मी ओझं उतरवत असताना. आई गेली तेव्हा तेवढंही झालं नाही. तुमच्यापैकी कोणालाही एक मचवा भरतीबरोबर पाठवता आला असता. मला वेळेवर कळवायचं नाही असं तुम्ही ठरवलं होतं. मी ते विसरलो नाही आणि विसरावं असं मला वाटतही नाही.

आता गुडघे गेले, मी चढत नाही. आमची मुलं मोठी झाली, कामाला लागली. थंडीत ठकूचा वाकडा हात दुखतो. मी एरंडाचं पान गरम करून बांधतो, ती माझ्या बांधण्याला नावं ठेवते. बागाईतदारानं बागेच्या कडेला जागा दिली, तिथे आम्ही कुडाचं घर घातलं. वाडीतलं घर मला आठवतं, नाही असं नाही. माडांतून येणारा समुद्राचा आवाज अजून कानात येतो. पण तिथल्या एकाही माणसाचं तोंड बघावंसं वाटत नाही, आणि माणसांवाचून नुसत्या आवाजाला मी घर म्हणत नाही.

गेल्या माघात भावाचा मोठा मुलगा आला. बापाएवढा उंच, तसाच मान ताठ ठेवणारा. अंगणाच्या कडेलाच उभा राहिला.

"काका, बाबा आता उठत नाहीत. तुमची आठवण काढतात. झालं गेलं सोडून या म्हणतात." मग आवाज खाली आणून, "एकटेच या म्हणालेत."

ठकू आतून पाण्याचा तांब्या आणि गूळ घेऊन आली, त्याच्यापुढे ठेवला. त्यानं तांब्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले. "तहान नाही," म्हणाला. कोलशेतच्या बंदरापासून चालत आला होता, ओठ सुकले होते.

"या घरात पाणी तिच्याच हातचं असतं," मी म्हणालो. "प्यायचं असेल तर बस. आणि तुझ्या बापाला सांग, मी घर सोडून कुठे जात नाही."

"घर तर तिकडं आहे, काका."

"ते तुझं."

तो पाणी न पिताच गेला. परतीचा मचवा सुटायच्या ओहोटीला अजून बराच अवकाश होता, म्हणजे बंदरावर त्याला उन्हात नुसतंच बसून राहावं लागणार होतं. ठकूनं तांब्या उचलला, दारातून वाटेकडे बघत राहिली.

"उपाशी असंल का रे तो?"

"असू दे," मी म्हणालो.

ती आत गेली. भाकऱ्या फडक्यात बांधल्याचा आवाज आला, मग ती बाहेर आली आणि गाठोडं वाकड्या हातात धरून बंदराच्या वाटेला लागली. मी तिला अडवलं नाही. तिच्याबरोबर गेलोही नाही.