दुसरा शर्ट

दर डिसेंबरात एक म्हातारा माजी सैनिक राधानगरीच्या गाडीनं माझ्या शिलाईच्या दुकानात यायचा. एकाहत्तरचं युद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली म्हणून गावानं दिलेली दोन पदकं रुमालात असायची. एक त्याचं, दुसरं लढाईत गेलेल्या जोडीदाराचं. पदकाच्या पिनेखाली जाड कापड लावून तो दोघांचेही शर्ट शिवून घ्यायचा.

मेलेल्याला शर्ट कशाला, असं माझ्या ओठांवर यायचं. तो कवेनं जोडीदाराचं माप दाखवायचा. "एवढा हुता. मीच उचलून आणलाय की."

यंदा त्यानं जुनेच शर्ट आणले.

"मास्तर, एकाची कॉलर उलटून द्या. घामानं पार विरलीया."

दुसऱ्याची घडीही मोडलेली नव्हती. विरलेल्या शर्टाला मी टेप लावली.

खांद्यांचं माप जोडीदाराचं निघालं.