पाइपाच्या तोंडाला बांधलेलं फडकं

आज सकाळी तापीच्या मधोमध आमच्या बोटीचं इंजिन तापलं. बोटीत नऊ माणसं होती. इंजिन थंड ठेवणारं पाणी बाहेर पडतच नव्हतं. इंजिन बंद करून वल्हवत कसाबसा काठ गाठला.

बघतो तर पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाला बाहेरून फडकं बांधलेलं! काल बोटीपाशी फक्त नाना दिसले होते, घाटावरचे दुसरे बोटवाले. महिनाभरापासून आमचं बोलणं बंद आहे.

फडकं घेऊन त्यांच्या दारात गेलो. ते शांतपणे म्हणाले, "जाळी फाटेल व्हती. कचरा जावाले नको म्हणीसन मीच बांधं."

पाइपाच्या तोंडावरची कचरा अडवणारी जाळी खरंच फाटली होती. पण मग मला सांगितलं का नाही?

जाळी बदलली, इंजिन ठीक आहे. तरी उद्या माणसं बसवण्याआधी मी पाण्यात उतरून बघणार. तुम्ही नानांवर विश्वास ठेवला असता का?