मामींचं रीडिंग

"मालाला नावं ठेवायच्या आधी मशीन बघ, पोरी." असं म्हणत मामा चष्मा कपाळावर चढवायचे आणि माझ्या हातातला शाफ्ट काढून घ्यायचे. चाकणच्या आमच्या कंपनीत क्वालिटीला लागून मला तेव्हा आठवडा झाला होता. डिप्लोमाचा माज ताजा होता. या माणसाला मशीनवर एवढा संशय का, हे मला कळायचं नाही.

मामा सगळ्यांचेच मामा होते, मॅनेजरसुद्धा त्यांना मामाच म्हणत. राजगुरुनगरच्या अलीकडचं गाव, घरची शेती, आणि पंचवीसेक वर्षं हार्डनेस टेस्टरवर. हे मशीन म्हणजे फार काही नाही. हिऱ्याचं बारीक टोक पोलादावर दाबायचं, ते किती आत शिरलं त्यावरून पोलाद किती कडक ते कळतं. पण मामांचा दिवस मालाने सुरू होत नसे. आधी स्टँडर्ड ब्लॉक, म्हणजे ज्याचा कडकपणा पक्का माहीत आहे असा तुकडा. त्याचा आकडा बरोबर आला की मशीन खरं, मगच माल.

एकदा अख्खा लॉट रिजेक्ट व्हायला आला होता. माल तापवून कडक करणारे भट्टीवाले हवालदिल, मॅनेजर लालबुंद. मामांनी शांतपणे ब्लॉक लावला, तोही चुकीचा आला. मग मशीनची बैठक काढून फडक्याने पुसली. खाली खसखशीच्या दाण्याएवढा लोखंडाचा कण निघाला. सगळा माल पास. मामा म्हणाले, "बिचाऱ्या शाफ्टांना उगी शिव्या खाव्या लागल्या की राव." अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं एकदा खरं ठरतं आणि मग आपण त्यांना कधी अडवतच नाही. मीही नाही अडवलं.

मामी तशा ठणठणीत. दोघं दिघीला राहायची आणि मामी मामांच्या डब्यातून माझ्यासाठी न चुकता चटणी पाठवायच्या. त्या वर्षी त्या सारख्या दमायला लागल्या, पाय सुजायला लागले. डॉक्टरांनी लिव्हरची तपासणी लिहून दिली. ती झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा कंपनीत आले ते उत्साहातच. "पोरी, माणसाच्या लिव्हरचा हार्डनेस काढत्यात! बरगड्यांच्या मधी एक दांडी टेकवत्यात, टकटक करत्यात, आन् लाट आत सोडत्यात. लिव्हर जेवढं कडक, तेवढी लाट जोरात पळती. न कापता, न टोचता! आपल्या मशीननं निदान डाग तरी पडतो."

"मामी किती आल्या?" मी विचारलं.

"बावीस."

"आणि चांगलं किती?"

"पाच-सहा." मग चष्मा कपाळावर गेला. "पण मशीनवरची ती पोरगी नवीन वाटत व्हती. सकाळी मशीन तपासलं का इचारलं तर हसली."

डॉक्टरांनी ताबडतोब मोठ्या हॉस्पिटलात लिव्हरच्या तज्ज्ञाकडे जायला सांगितलं होतं. मामा म्हणाले, आधी रीडिंग रिपीट करू. मी काय म्हणाले ते मला लख्ख आठवतं. मी म्हणाले, "बरोबर आहे मामा, एका रीडिंगवर लॉट रिजेक्ट करत नाहीत." हे मी बोलले. कोणी विचारलं तर नाकारणार नाही.

पुढचे चार महिने मामा मशीनं तपासत हिंडले. त्यातही त्यांची पद्धत ऐका. प्रत्येक सेंटरवर दोघं उपाशीपोटी जायचे आणि मामींच्या आधी मामा स्वतः टेबलावर आडवे व्हायचे. "तुम्हाला काय होतंय?" असं विचारलं की म्हणायचे, "मला काय न्हाई. मी ब्लॉक हाय." तिथल्या माणसांना काही उमगायचं नाही, मामी मात्र लाजून पदर तोंडाला लावायच्या. आम्ही कंपनीत हा किस्सा एकमेकांना सांगून पोट धरधरून हसलो.

दुपारच्या सुट्टीत मी त्यांना मोबाइलवरून संशोधनाचं वाचून दाखवायचे. पेशींना आपल्या भोवतीचा कडकपणा जाणवतो म्हणे. भोवताल कडक झाला की काही पेशी आणखी धागे विणत सुटतात, त्याने तो जास्तच कडक होतो. शास्त्रज्ञ एकेक पेशी दाबून तिचा ताठरपणा मोजतात, हे विणकाम थांबवणारी औषधं शोधतात. मामा डबा बाजूला सारून ऐकायचे. आम्हा सगळ्यांत ते फक्त त्यांनाच खऱ्या अर्थाने कळत होतं.

"आपल्याकडं जास्त कडक झालेला माल परत भट्टीत घालून नरम करता येतो," ते एकदा म्हणाले. "ह्यांचं कुठवर आलंय?"

"सुरुवातीला पकडलं तर बरंच मागे फिरतं म्हणतात. पुढे गेलेल्यांसाठी शोध चालू आहे, मामा."

"हां. म्हंजी ट्रायल लॉट."

तिसऱ्या सेंटरवरून आले त्या दिवशी मामा मशीनपाशी येऊन उभे राहिले. मामींचा आकडा एकीकडे एकोणीस, दुसरीकडे चोवीस, असा हलत होता. मला वाटलं, म्हणतील की बघ, मशीनं जुळत नाहीत. मग हळूच म्हणाले, "माझं तिन्हीकडं पाचच आलं, पोरी."

मशीनं खरी होती. मी कागद लावण्याचं नाटक करत राहिले, कारण मला त्यांच्याकडे बघवेना.

मग मोठं हॉस्पिटल झालं. तिथल्या डॉक्टरांनी लिव्हर बदलावं लागेल असं सांगितलं. मामा लगेच बाह्या सरसावून तयार. "माझं घ्या. तीन मशीनवर पास झालंय." पण रक्तगट जुळेना. त्यांच्या लेकीचं नाव मामींनी काढूच दिलं नाही, तिचं बाळ अंगावर पीत होतं. लिव्हर मिळण्यासाठीच्या यादीत नाव घातलं आणि वाट बघणं सुरू झालं. मामांनी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "माझ्या चार महिन्यांनी किती फरक पडला?" डॉक्टर भले होते. म्हणाले, "ते कुणालाच सांगता येणार नाही." मामा मला म्हणाले, "ह्याचं कुठं मशीन न्हाई बघ." मलाही त्या चार महिन्यांतला माझा वाटा माहीत होता.

मामी गेल्या त्याच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. मामांनी हट्ट धरला, पुन्हा एकदा मोजायचं. नवं औषध सुरू होतं, कमी झालं असेल. डॉक्टरांनी या तपासणीची आता गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तरी मी रजा टाकली आणि दोघांना माझ्या गाडीतून भोसरीच्या त्या पहिल्या सेंटरवर नेलं. मामींचं पोट पाण्याने तट्ट फुगलं होतं. टेबलावर चढवायला आम्ही दोघं लागलो. या वेळी मामा आधी झोपले नाहीत.

त्याच मुलीने जेल लावलं, दांडी टेकवली. टक. टक. पुन्हा जागा बदलून टक. स्क्रीनवर काहीच उमटेना. तिने मामांना दाराशी नेलं आणि हळू आवाजात सांगितलं, "काका, पोटात पाणी आहे. लाट पाण्यातून आत जातच नाही. रीडिंग येणार नाही."

"मशीन..." मामा एवढंच म्हणाले.

आत येऊन त्यांनी तिच्या हातातला कापूस घेतला आणि मामींच्या कुशीवरचं जेल स्वतः पुसायला लागले. फार सावकाश पुसत होते.

"किती आलं वो?" मामींनी विचारलं.

"सोळा."

"बावीसचं सोळा?" मामींनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय गं?"

"हो मामी," मी म्हणाले. ती मुलगी पाठ करून दांडी पुसत राहिली.

मामींच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला तिथे उभं राहवेना. "औषध लागू पडलं बघा. आधी लेकीला फोन करा. ती रोज रडती. लावा आत्ताच, माझ्यासमोर."

मामांनी खिशातून मोबाइल काढला, कानाला लावला. मी त्यांच्या शेजारीच होते. स्क्रीन काळी होती, त्यांनी बटणसुद्धा दाबलं नव्हतं.

"हॅलो," मामा मोठ्याने म्हणाले, मामींना ऐकू जाईल असं. "हां, मी बोलतोय. सोळा आलं आईचं. व्हय, सोळा. रडू नगं आता."