लोकल म्हणजे इथलं

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी लोकल ट्रीटमेंट ठरवू." नवीन पनवेलच्या त्या दवाखान्यात मी समजून मान हलवली. बायकोच्या उजव्या स्तनात दोन गाठी होत्या, दोन्ही कॅन्सरच्या. लोकल म्हणजे त्या जागेपुरता इलाज. ऑपरेशन, मग रेडिएशन. एवढं मला कळतं, कॉलेज केलंय.

विचुंब्याला घरी आल्यावर थोरल्या भावाला मात्र एवढंच सांगितलं, "लोकल करायचं म्हणतात." जमीन विकून गळ्यात जाड साखळी आली तेव्हापासून दादाला सगळ्यातलं कळतं. तो खूश झाला. "मंग बरा झाला! लोकल म्हंजे आपला इथलाच ना? जासई गावान एक लेप देनारा हाय. ऑपरेशन कनाला पायजे?"

मी त्याची चूक दुरुस्त केली नाही. ऑपरेशनची भीती बायकोला नव्हती, मला होती. दादाच्या अडाणीपणाआड लपायला मला बरं पडलं.

लेपवाल्याच्या दारात मोठमोठ्या गाड्या. त्यानं तिच्याकडे न बघताच पानात हिरवा चिखल बांधून दिला. "दोन गाठी हायत ना? मंग दोनदा लावा." असलं शास्त्र! दादानं भक्तिभावानं मान डोलावली. मीही डोलावली.

लेपानं कातडी सोलवटली तेव्हा ती एकटीच रिक्षा करून दवाखान्यात गेली. पुन्हा तपासण्या झाल्या. निकालाच्या दिवशी मी सोबत गेलो. तिनं विचारलं, "दोनी गाठी काढून बाकीचा राईल का?"

"दोन्ही जवळजवळ होत्या, म्हणून तसंच करणार होते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण आता लांबच्या बाजूला तिसरी दिसतेय. पूर्ण स्तन काढावा, असा माझा सल्ला आहे."

तिसरी आधीपासून होती की लेपाच्या दिवसांत वाढली, त्या बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

ऑपरेशनच्या सकाळी खोलीबाहेर दादा पाहुण्यांना सांगत होता, "आमी लोकल पन करून पायला, पन गुन नाय आला." आमी म्हणे! चिखल हिच्या अंगावर, आणि करून बघणारे हे.

आत तिनंही ते ऐकलं. माझ्याकडे बघत म्हणाली, "काय वो, लोकल म्हंजे काय, ता तुमाला ठावा होता ना?"

"होता."

"मंग दादांना आत बोलवा. माज्यासमोर सांगा त्यांना."

दादा दारातच होता. मी हाक मारली.